फ्रेडी मर्क्युरी : पाचगणीच्या वसतिगृहातला पियानो आणि मंचावर न मावणारं गाणं



दिवाळी सरली की आपल्या झाडीपट्टीत काय सुरू होतं, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात आणि रात्री मंडपात नाटक उभं राहतं. वडसा म्हणजे देसाईगंज हे या सगळ्याचं माहेर. तिथून नाटक मंडळ्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या गावांत जातात. कुरखेड्याकडच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. या नाटकातली एक गोष्ट आपण फार गृहीत धरतो. नट स्वतः गातो. समोर ऑर्गन, तबला, ढोलकवाले बसलेले असतात, रात्र चढत जाते, थंडीने गळा धरतो, तरी पद आलं की गावंच लागतं. चुकलं तर हजार माणसांसमोर चुकतं.

आता आपल्या शाळेचं गॅदरिंग आठवा. मोबाइल स्पीकरला जोडला, ट्रॅक लावला, पोरं ओठ हलवतात आणि हात वर करतात. मी या पद्धतीची टवाळी करत नाही. वर्षाकाठी दोन तास मिळतात, गायला शिकवायला कोणी नसतं, आपण तरी काय करणार? पण रेकॉर्डवरचं गाणं आणि मंचावरचं गाणं यांच्यातला हा पेच फक्त आपला नाही. जगातल्या मोठमोठ्या रॉक बँडनाही तो सुटलेला नव्हता. जुन्या रॉक गाण्यांपैकी मंचावर वाजवायला सगळ्यात अवघड कोणतं, असं त्या संगीताच्या कुणाही चाहत्याला विचारा. पहिल्या दोन-तीन नावांत एक नाव हमखास येईल : क्वीन या बँडचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. ते लिहिणारा माणूस आपल्या महाराष्ट्रातल्या एका वसतिगृहात वाढला. आजचा पाठ त्याच्यावर.

त्याचं मूळ नाव फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर. (हो, आपला शिक्षक दिन. मुलांना तारीख लक्षात ठेवायला सोपी.) आईवडील पारशी, मूळ गुजरातकडचे. वडील बोमी इंग्रज सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. आई जेर. धाकटी बहीण कश्मिरा. घरी गुजराती, बाहेर इंग्रजी आणि रस्त्यावर स्वाहिली, अशा तीन भाषांच्या मध्ये हे लेकरू वाढत होतं.

आठ वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला समुद्रापलीकडे शिकायला पाठवलं, सातारा जिल्ह्यात पाचगणीला, सेंट पीटर्स या निवासी शाळेत. आपल्याकडच्या शिक्षकांनी इथे जरा थांबावं. भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याकडची सहा-सात वर्षांची मुलं आपण दरवर्षी जून-जुलैत आश्रमशाळेच्या दारात पाहतो. बाप पत्र्याची पेटी खाली ठेवतो, दोन शब्द माडियात बोलतो आणि मागे न बघता निघतो. ते लेकरू निदान दिवाळीत घरी जातं. फारुखचं घर जहाजाच्या प्रवासाइतकं लांब होतं. सुट्या आल्या की बरेचदा त्याला मुंबईच्या नातेवाइकांकडे राहावं लागे. आईशी बोलायचं ते पत्रातून. मोठेपणी तो आपल्या बालपणाबद्दल फारसं बोलत नसे. या वर्षांचं त्याला काय वाटत होतं, यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत, पण त्यातला अंदाज किती आणि खरं किती ते वेगळं करणं कठीण. घडलं काय, एवढंच आपण बघू.

शाळेत त्याला ‘फ्रेडी’ म्हणू लागले. वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर यायचे. मुलं त्यावरून चिडवायची, आणि वसतिगृहातलं चिडवणं दिवसभर संपत नाही. मोठा झाल्यावर, पैसा आल्यावरही त्याने दात दुरुस्त करून घेतले नाहीत. जबडा बदलला तर आवाज बदलेल, अशी त्याला भीती होती. शाळेत तो टेबल टेनिस उत्तम खेळायचा, मुष्टियुद्धातही उतरायचा. चित्रकलेत हात चांगला होता. १९५८ मध्ये त्याला लहान गटातला अष्टपैलू विद्यार्थी म्हणून बक्षीसही मिळालं.

पण माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे मुख्याध्यापकांचं एक पत्र. मुलाला संगीताचा कान आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. रेडिओवर ऐकलेलं गाणं तो थोड्या वेळात पियानोवर बसवायचा. मुख्याध्यापकांनी झांझिबारला आईवडिलांना कळवलं, की थोडी जादा फी भरत असाल तर मुलाला रीतसर पियानो शिकवता येईल. आईवडील हो म्हणाले. पुढे तो पियानोच्या चौथ्या श्रेणीपर्यंत शिकला, वादन आणि शास्त्र दोन्ही. चौथी श्रेणी म्हणजे काही फार मोठी मजल नव्हे. संगीतातलं त्याचं रीतसर शिक्षण मात्र तेवढंच. आपण पालकांना पत्र कधी धाडतो ते आठवून पाहा. गैरहजेरी, मारामारी, गणितात नापास. या पत्रात मात्र मुलाचा एक गुण कळवला होता, आणि त्याचं पुढे काय करायचं तेही विचारलं होतं.

बारा वर्षांचा असताना त्याने चार मित्रांबरोबर शाळेतच बँड काढला : ‘द हेक्टिक्स’. त्यातला एक जण पुढे नेपाळच्या लष्करात मोठ्या हुद्द्यावर गेला, एक इंग्लंडमध्ये नट झाला, एकाने पुण्यात हॉटेल चालवलं. वाद्यं जमतील तशी. बास गिटार कुठून आणणार? चहाच्या लाकडी खोक्याला काठी आणि दोरी लावून ती केली. शाळेच्या कार्यक्रमांत ही पोरं एल्व्हिस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड, लिट्ल रिचर्ड यांची गाणी वाजवायची. आणि गंमत बघा, या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हता. तो मागे बसून पियानो वाजवायचा आणि साथीला गायचा.

वरच्या वर्गात गेल्यावर अभ्यासात तो मागे पडत गेला. १९६३ च्या सुरुवातीला पाचगणी सोडून तो झांझिबारला परतला. वर्षभरातच, जानेवारी १९६४ मध्ये, तिथे क्रांती झाली, हजारो माणसं मारली गेली. बलसारा कुटुंब हाताला लागेल ते घेऊन इंग्लंडला आलं आणि लंडनजवळच्या फेल्टहॅमला राहू लागलं. सतरा वर्षांच्या मुलाला आता तिसऱ्या देशात नव्याने सुरुवात करायची होती.

इंग्लंडमध्ये तो ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकला, १९६९ मध्ये पदविका घेतली. हीथ्रो विमानतळावर सामान उचलण्याचं काम केलं, केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकले. लहानसहान बँडमध्ये गायला. १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवाला रॉजर टेलर यांच्यासोबत त्याचं जमलं. बँडचं नाव ‘क्वीन’ त्याने सुचवलं, चिन्हही त्यानेच काढलं (कला महाविद्यालय वाया गेलं नाही), आणि स्वतःचं आडनाव बदलून ‘मर्क्युरी’ केलं. पुढच्या वर्षी बास गिटारवर जॉन डीकन आला. हे चौघे शेवटपर्यंत एकत्र राहिले.

आता गाण्याकडे येऊ.

१९७५ च्या ऑगस्टमध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चं ध्वनिमुद्रण सुरू झालं. गाणं पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं. त्यात ध्रुवपद नाही. सुरुवातीला वाद्यांशिवाय नुसते गळे, मग पियानोवरचं करुण गाणं, मग गिटार, मग अचानक युरोपातल्या संगीत नाटकासारखा अनेक आवाजांचा भाग, त्यानंतर दणकेबाज रॉक आणि शेवटी पुन्हा हळूच शांत. एकाच पदात भजन, लावणी, पोवाडा आणि भैरवी बसवण्यासारखं हे आहे, असं मी वर्गात सांगेन. तुलना ओढूनताणून आहे, पण मुलांना कळते.

मधल्या त्या संगीत नाटकासारख्या भागात किती माणसं गात असतील, असा अंदाज ऐकताना केला तर पन्नास-शंभर तरी वाटतात. प्रत्यक्षात तिघं : फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर. टेपवर चोवीस वेगवेगळे पट्टे होते. हे तिघं एक ओळ गायचे, ती एका पट्ट्यावर. तीच ओळ पुन्हा गायचे, दुसऱ्या पट्ट्यावर. चौथ्या-पाचव्यांदा वेगळ्या सुरात. पट्टे संपले की सगळे एकत्र करून एका पट्ट्यावर उतरवायचे आणि रिकाम्या पट्ट्यांवर पुन्हा गायचं. असे जवळजवळ १८० थर झाल्याचं सांगतात. रोज दहा-बारा तास हेच, आणि सगळा आराखडा फ्रेडीच्या डोक्यात. टेप यंत्रातून इतक्यांदा फिरली, की तिच्यावरचा लेप झिजला आणि उजेडासमोर धरली तर आरपार दिसू लागलं.

रेकॉर्ड कंपनीला गाणं फार लांब वाटत होतं. तरी ते ऑक्टोबर १९७५ च्या शेवटी बाजारात आलं आणि ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

आणि मग प्रश्न आला : हे मंचावर करायचं कसं?

चौघं जण आहेत. त्यातले तिघं गाणार, आणि गाताना वाजवणारही तेच. १८० आवाज आणायचे कुठून? त्या काळातल्या इतर बँडनी अशा वेळी काय केलं ते पाहा. बीटल्सनी १९६६ मध्ये दौरेच बंद केले; स्टुडिओत रचलेली त्यांची पुढची बरीच गाणी त्यांनी लोकांसमोर कधी वाजवलीच नाहीत. लेड झेपेलिनचं ‘स्टेअरवे टू हेवन’ सहा तारांच्या आणि बारा तारांच्या अशा दोन्ही गिटारींवर मुद्रित झालं होतं. मंचावर जिमी पेजने दोन मानांची एकच गिटार गळ्यात घातली. ‘द हू’ या बँडच्या ‘बाबा ओ’रायली’ गाण्यात यंत्राचा ठेका टेपवरून वाजायचा, आणि ड्रम वाजवणारा कीथ मून कानाला हेडफोन लावून त्या टेपच्या मागे धावायचा. तो भलता कठीण प्रकार, कारण टेप कुणासाठी थांबत नाही. आपल्याकडे तबलजी गायकाला सांभाळून घेतो, टेप घेत नाही. क्वीनचंच ‘द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन’ इतकं गुंतागुंतीचं होतं, की ते अख्खं त्यांनी मंचावर कधी केलं नाही, फक्त तुकडा घेतला. ‘द प्रॉफेट्स साँग’मध्ये फ्रेडी आवाज पुन्हा ऐकवणाऱ्या यंत्रात गायचा आणि स्वतःच्याच मागून येणाऱ्या आवाजावर पुढची ओळ रचायचा.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ला यातलं काहीच लागू पडेना. तेव्हा त्यांनी जे केलं ते मला आजही फार आवडतं. सुरुवातीचा नुसत्या गळ्यांचा भाग बहुतेक वेळा गाळायचा. फ्रेडी पियानोवर बसून करुण भाग गायचा, गिटार वाजायची, आणि अनेक आवाजांचा भाग आला की चौघंही मंचावरून निघून जायचे. मंच रिकामा. टेपवरून मूळ ध्वनिमुद्रण वाजायचं, दिवे फिरायचे. लोक रिकाम्या मंचाकडे बघत स्वतःच गायचे. तो भाग संपला की धडाम्‌कन स्फोटाचा आवाज, उजेड, आणि चौघं परत येऊन रॉकचा भाग अंगात आल्यासारखा वाजवायचे.

ओठ हलवणं सोपं होतं. मागे बसलेल्यांना कळलंही नसतं. पण जे आपण गात नाही ते गातोय असं दाखवायचं नाही, हे त्यांनी ठरवलं. गॅदरिंगच्या वेळी मला हीच युक्ती आठवते. जेवढं मुलांना येतं तेवढं त्यांनी माइकवर गावं, उरलेलं स्पीकरवर वाजू द्यावं, आणि तेव्हा मुलांनी गाण्याचा आव न आणता नाचावं किंवा सरळ बाजूला उभं राहावं. दोन ओळी का होईना, त्यांच्या स्वतःच्या.

आवाजाबद्दल आणखी एक गोष्ट. फ्रेडीच्या स्वरतंतूंवर गाठी होत्या. शस्त्रक्रियेने आवाज बिघडेल म्हणून त्याने ती टाळली. त्यामुळे दौऱ्यात रोज रात्री रेकॉर्डवरचे उंच सूर लावणं त्याला शक्य नसे. तो चाल बदलून खालच्या सुरात गायचा, आणि अगदी वरचा सूर रॉजर ड्रम वाजवता वाजवता लावायचा. जगातला एवढा मोठा गायक सूर खाली घेतो, आणि आपण चौथीच्या पोरीला सिनेमातल्या गाण्याच्या मूळ पट्टीत गायला लावतो, मग ती किंचाळते आणि आपण म्हणतो तिला येत नाही.

सोपी बाजूही सांगतो. १९७७ मध्ये ब्रायन मेने ‘वुई विल रॉक यू’ रचलं. स्टॅफर्डच्या एका कार्यक्रमानंतर लोक जागेवरून हलेनात आणि स्वतःच गाऊ लागले, त्यावरून त्याला ते सुचलं. दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी. शेवटची गिटार सोडली तर वाद्यच नाही. तुमच्या शाळेत पेटी नसेल, तबला फुटका असेल, तरी दोनशे मुलं आणि एक पटांगण एवढ्यावर हा ठेका होतो. एका टोकाला चौघांना न झेपणारं गाणं, दुसऱ्या टोकाला सगळ्या गावाला झेपणारं, आणि दोन्ही एकाच बँडची. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर, इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या ‘लाइव्ह एड’मध्ये क्वीनला वीसेक मिनिटं मिळाली. त्यासाठी त्यांनी घड्याळ लावून तालीम केली. सुरुवात ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या पियानोने केली, पण अनेक आवाजांचा भाग येण्याआधीच सरळ दुसऱ्या गाण्यात गेले. मग फ्रेडीने नुसत्या गळ्याने एक-एक तान टाकली आणि समोरच्या सत्तर हजारांहून जास्त लोकांनी ती परत केली. आपल्याकडे कीर्तनकार असंच करून घेतात.

पुढच्या वर्षी बुडापेस्टमध्ये त्याने तिथलं एक लोकगीत हंगेरियन भाषेत गायलं. भाषा येत नव्हती, म्हणून शब्द तळहातावर लिहून आणले होते आणि ते बघण्याचं लपवलंही नाही. सगळं मैदान त्याच्याबरोबर गायलं. माडिया, गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांना हा प्रसंग मी आवर्जून सांगतो.

९ ऑगस्ट १९८६ ला इंग्लंडमध्ये नेबवर्थला झालेला कार्यक्रम फ्रेडीसोबतचा क्वीनचा शेवटचा ठरला. १९८७ मध्ये त्याला एड्स असल्याचं निदान झालं. हे मुलांना सांगावं का, असं काही पालक विचारतील. मोठ्या मुलांना सांगावं, स्पष्ट शब्दांत. तेव्हा या आजारावर आजच्यासारखी औषधं नव्हती, आणि आजारापेक्षा लोकांच्या नजरा जास्त मारायच्या. फ्रेडीचं प्रेम स्त्रीवरही होतं आणि पुरुषांवरही. शेवटच्या वर्षांत त्याचा जोडीदार जिम हटन त्याच्यासोबत होता आणि जुनी मैत्रीण मेरी ऑस्टिनही. वर्तमानपत्रवाले घराबाहेर कॅमेरे लावून बसायचे. तो आत काम करत होता. १९८८ मध्ये स्पेनच्या गायिका मोन्सेरा काबाये यांच्यासोबतचा ‘बार्सेलोना’ संग्रह आला. ज्या संगीत नाटकाची त्याने एका रॉक गाण्यात ओढाताणीने सोय लावली होती, त्याच परंपरेतल्या थोर गायिकेशेजारी उभं राहून तो गायला.

१९९० मध्ये ‘द शो मस्ट गो ऑन’चं मुद्रण होतं. त्याला चालणंही जड झालं होतं. चाल फार उंच जात होती आणि त्याला ती जमेल की नाही, अशी ब्रायनला शंका होती. त्याने ती गायली, सूर खाली न घेता. हे गाणं तो लोकांसमोर कधीच गाऊ शकला नाही.

२३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने आपल्या आजाराची जाहीर कबुली दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लंडनच्या राहत्या घरी तो गेला. वय ४५. अंत्यविधी पारशी धर्माप्रमाणे झाले.

२० एप्रिल १९९२ ला वेम्ब्लीवर त्याच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला. उरलेले तिघं वाजवायला होते आणि जगभरातले गायक त्याची गाणी गायला आले. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा पियानोचा भाग एल्टन जॉनने गायला. अनेक आवाजांचा भाग आला तेव्हा नेहमीप्रमाणे टेप लागली, आणि रॉकचा भाग सुरू होताच अॅक्सल रोज मंचावर धावत आला. ब्रायन आणि रॉजर अलीकडे अॅडम लॅम्बर्ट या गायकाला घेऊन दौरे करतात. आता ध्वनियंत्रं कितीतरी सुधारली आहेत. तरी तो भाग आला की १९७५ चंच मुद्रण वाजतं, आणि मोठ्या पडद्यावर काळोखातून चौघांचे तरुण चेहरे वर येतात, मध्ये पुढच्या दातांचा फ्रेडी.